पाय बुडतात म्हणून वेग बुडतो

उन्हाळ्यात बडोद्याच्या तरणतलावांवर सकाळच्या तुकडीत चाळिशी-पन्नाशीच्या पोहणाऱ्यांची गर्दी होते आणि त्यांतल्या अनेकांची तक्रार एकच असते, की रोज तासभर पोहूनही वेळ कमी होत नाही. दांडिया बाजारातील माझ्या एका स्नेह्यांनी यावर उपाय म्हणून दंड-बैठका वाढवल्या. खांदे भरले, पण ५० मीटरची वेळ एका मिनिटावरून हलली नाही. प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचा वारसा असलेल्या शहरात ताकदीवर असा विश्वास असणे स्वाभाविक आहे. पाण्याचा हिशेब मात्र वेगळा आहे.

पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट आहे. पोहताना पाण्याचा रोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. एका मिनिटाचे अंतर ५० सेकंदांत कापायचे तर वेग १.२ पट हवा, म्हणजे शक्ती १.७३ पट हवी. पंचेचाळिशीच्या माणसाने स्नायूंची शक्ती पाऊणपटीने वाढवणे ही जवळजवळ अशक्य गोष्ट आहे. याउलट, तेवढ्याच शक्तीत शरीराला होणारा रोध एक-चतुर्थांशाने कमी करता आला, तर वेग सुमारे १० टक्क्यांनी वाढतो आणि ६० सेकंदांचे साडेचोपन्न होतात. मग प्रश्न असा उरतो, की हा रोध येतो कुठून?

प्रौढ वयात पोहायला लागलेल्यांच्या बाबतीत त्याचा मोठा भाग बुडणाऱ्या पायांतून येतो. पुष्कळांना वाटते, की आपली हाडेच जड आहेत. खरे कारण फुप्फुसांत आहे. शरीराचे वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढते, तर पाण्याचे प्लावक बल बुडालेल्या आकारमानाच्या मध्यातून वर ढकलते. छातीत काही लिटर हवा असते. ती जागा व्यापते, पण तिला वजन जवळजवळ नसते. त्यामुळे आकारमानाचा मध्य छातीकडे सरकतो आणि गुरुत्वमध्य त्याच्या थोडा खाली, कमरेच्या बाजूला राहतो. हे अंतर जेमतेम सेंटिमीटरभर असते. तरीही दोन विरुद्ध बले एका रेषेत नसली की ती वस्तूला फिरवतात, आणि इथे ती छाती वर व पाय खाली अशी फिरवतात. ७० किलो वजनाच्या माणसाचे वजन सुमारे ६९० न्यूटन. एका सेंटिमीटरच्या अंतराने त्याचा आघूर्ण, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे ७ न्यूटन-मीटर होतो. गुरुत्वमध्यापासून मीटरभर दूर असलेल्या पावलांच्या जागी याचा परिणाम असा होतो, की जणू घोट्यांना ७०० ग्रॅमची पिशवी बांधली आहे. स्त्रियांच्या कमरेभोवती व मांड्यांत चरबी तुलनेने अधिक असल्याने त्यांची ही पिशवी बहुधा हलकी असते.

आता शरीर पाण्यात १० अंशांनी तिरपे झाले असे समजा. खांद्यापासून टाचेपर्यंत सुमारे १४० सेंटिमीटर लांबी धरली, तर टाचा खांद्यांच्या पातळीपासून जवळपास २४ सेंटिमीटर खाली जातात. छातीची जाडीही साधारण तेवढीच असते, म्हणजे समोरून येणाऱ्या पाण्याला दुप्पट उंचीचा अडथळा दिसतो. पाय छातीहून अरुंद असल्याने क्षेत्रफळ पूर्ण दुप्पट होत नाही, परंतु अशा शरीरामागे जे भोवरे उठतात त्यांत आपली मेहनत वाया जाते. पाय वर ठेवण्यासाठी मग आपण ते जोरजोराने मारतो. मांड्यांचे मोठे स्नायू प्राणवायू झपाट्याने संपवतात आणि २५ मीटरमध्येच धाप लागते.

ज्यांनी चांदोदला नर्मदेत किंवा गावच्या विहिरीत पोहणे शिकले, त्यांना डोके वर ठेवण्याची सवय असते. डोक्याचे चार-पाच किलो वजन पाण्याबाहेर धरायचे तर हातांनी पाणी खाली दाबावे लागते. हा दाब शरीराचा पुढचा भाग उचलतो आणि पाय आणखी खाली जातात. म्हणून नजर तळाकडे ठेवावी, श्वास पाण्यात सावकाश सोडत राहावा आणि एक हात पुढे ताणलेला असतानाच दुसरा हात पाण्याबाहेरून पुढे आणावा. हवेतल्या हाताचे वजन पाणी पेलत नाही. तो खांद्याच्या पुढे गेला की तराजूचे ते पारडे खाली जाते आणि पाय आपोआप वर येतात.

रोध कमी झाल्याने काय घडते याचा पुरावा स्पर्धांच्या इतिहासात आहे. २००९ च्या रोम येथील जागतिक स्पर्धेत पॉलियुरेथेनचे अंगभर पोशाख वापरात होते आणि तिथे ४३ जागतिक विक्रम मोडले गेले. खेळाडूंच्या स्नायूंत एकाएकी एवढी वाढ झालेली नव्हती. २०१० पासून अशा पोशाखांवर बंदी आली. आता मोबाईलवर ज्या चुंबकीय कड्यांच्या जाहिराती येतात, त्यांच्यात मात्र असे काहीही नाही: रक्तातील लोह खिळ्यातल्या लोखंडासारखे चुंबकाकडे खेचले जात नाही, त्यामुळे कडे घालून रक्ताभिसरण आणि वेग वाढण्याचा दावा निराधार आहे. त्या पैशांत प्रशिक्षकाकडून पाण्याखालचे आपले चित्रीकरण करून घ्यावे. तिरपेपणा त्यात डोळ्यांना दिसतो.

माझ्या स्नेह्यांनी दोन आठवडे वेळ मोजणे सोडून दिले आणि २५ मीटरला किती हात मारावे लागतात एवढेच मोजले. सुरुवातीला ते २९ होते, आता २४ आहेत, आणि पलीकडच्या काठाला टेकल्यावर त्यांना बोलता येते.