ठोकळ्याच्या ‘टक्’मागचं माप

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग दिवाळीपासून ताजमहालाने अडवला आहे. लेगोचा, म्हणजे एकमेकांवर दाबून बसवायच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा, २०१७ सालचा संच, ५,९२३ तुकडे. मी अंबडमधल्या एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे घडवणाऱ्या कारखान्यात, प्लास्टिकच्या मोल्डचं काम करतो. दिवसभर मायक्रॉनशी (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाशी) झगडून घरी आलो की पुन्हा प्लास्टिकच घेऊन बसतो, याचं शेजाऱ्यांना नवल वाटतं. पण हा छंद लागला तो त्या कामामुळेच. ठोकळ्यावर ठोकळा दाबला की बोटांना जो ‘टक्’ जाणवतो, तो मिळवायला काय लागतं हे मला ठाऊक आहे.

आठ बटणांचा, म्हणजे वर आठ गोल उंचवटे असलेला, नेहमीचा ठोकळा घ्या आणि उलटा करा. आत तीन पोकळ नळ्या दिसतील. वरच्या प्रत्येक बटणाचा व्यास ४.८ मिमी, आणि शेजारच्या दोन बटणांच्या मध्यांमधलं अंतर ८ मिमी. चार बटणांचा चौरस धरला तर त्याचा कर्ण होतो ११.३१ मिमी. त्यातून समोरासमोरच्या दोन बटणांच्या त्रिज्या, म्हणजे एक पूर्ण व्यास, वजा केला की उरतात ६.५१ मिमी. नळीचा बाहेरचा व्यास तेवढाच ठेवलेला असतो. त्यामुळे ती चारही बटणांना एकाच वेळी टेकते आणि बाहेरून ठोकळ्याची भिंत बटणांना रेटते. प्लास्टिक किंचित दबतं, मूळ आकारात परतायला बघतं, आणि त्या रेट्यातून घर्षणाची पकड तयार होते. बेअरिंग शाफ्टवर दाबून बसवतात तेच हे तत्त्व; आम्ही त्याला इंटरफिअरन्स फिट म्हणतो. पण बेअरिंग काढायला पुलर, म्हणजे ओढून काढायचं अवजार, लागतं. हा ठोकळा लहान मुलाच्या बोटांनी निघाला पाहिजे, आणि उलटा धरला तर पडता कामा नये. या दोन अटींच्या मध्ये जी जागा उरते ती शतांश मिलिमीटरांत मोजायची.

नळ्या पहिल्यापासून नव्हत्या. डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या या कंपनीने १९४९ मध्ये प्लास्टिकचे ठोकळे काढले ते आतून रिकामे होते. हिलरी पेज या ब्रिटिश खेळणीकाराच्या ठोकळ्यांवरून ते बेतलेले होते. नुसत्या कडेच्या भिंतींची पकड पुरत नसे. २८ जानेवारी १९५८ रोजी गॉटफ्रेड कर्क क्रिस्चियनसेन यांनी नळ्यांच्या रचनेचं पेटंट दाखल केलं, आणि त्या काळचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. सिन्नरच्या गोंदेश्वराच्या देवळात गेलो की मी दगडांच्या सांध्यांवरून बोट फिरवतो. चुन्याशिवाय दगडात दगड अडकवलेला. पण तिथला प्रत्येक दगड त्याच्या शेजाऱ्यासाठी घडवलेला आहे. इथे कोणताही ठोकळा कोणत्याही ठोकळ्यावर बसायला हवा, मधे साठ वर्षं गेली तरी.

१९६३ मध्ये ठोकळ्यांसाठीचं सेल्युलोज ॲसिटेट हे जुनं प्लास्टिक जाऊन एबीएस नावाचं नवं आलं. हे प्लास्टिक सुमारे २३० अंश सेल्सिअसला साच्यात भरतात आणि थंड होताना ते साधारण अर्धा टक्का आकसतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ३१.८ मिमी लांबीच्या ठोकळ्यात तो अर्धा टक्का ०.१६ मिमी होतो, आणि चालण्यासारखी चूक आहे एक शतांश मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे चालते त्याच्या सोळापट हालचाल प्लास्टिक आपली आपणच करतं! ते आकसणं आधीच धरून साचा मोठा ठेवायचा, आणि दाब, तापमान, थंड व्हायचा वेळ प्रत्येक शॉटला, म्हणजे साचा भरायच्या प्रत्येक खेपेला, तोच राखायचा. प्लास्टिकचा कच्चा दाणा नीट सुकला नाही किंवा साचा थंड करणारी पाण्याची लाइन जराशी चोंदली, की माप गेलंच. (३२ ऐवजी ३१.८ अशासाठी, की शेजारी लावलेले ठोकळे एकमेकांत अडकू नयेत. दर बाजूला ०.१ मिमी मोकळीक.)

खरी परीक्षा मोठ्या संचांत होते. २०२२ चा आयफेल टॉवर १०,००१ तुकड्यांचा, १४९ सेंटिमीटर उंच. एक ठोकळा ९.६ मिमी उंच असतो, त्या मापाने ही सुमारे १५५ थरांची उंची झाली. समजा प्रत्येक थर ०.०१ मिमी चुकला. सगळे एकाच दिशेने चुकले तर माथ्यावर १.५५ मिमी फरक पडेल. काही जाड, काही बारीक असे मिसळून आले, तर चुका एकमेकींना खातात आणि एकूण फरक थरांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. १५५ चं वर्गमूळ साधारण १२.४, म्हणजे जेमतेम ०.१२ मिमी. एकाच बाजूला झुकलेली छोटी चूक मला विखुरलेल्या मोठ्या चुकीपेक्षा जास्त घातक वाटते ती यामुळे. एकदा मी नावगाव नसलेला स्वस्त संच आणला होता. चाळीस थरांनंतर डावा कोपरा उजव्याहून वर आलेला नुसत्या डोळ्यांना दिसत होता आणि वरची पट्टी बसेना. दोन कोपऱ्यांत दोन वेगळ्या साच्यांतले ठोकळे गेले असणार.

भाराची मात्र काळजी नको. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत २०१२ मध्ये चार बटणांचा ठोकळा यंत्रात दाबून पाहिला, तेव्हा त्याने सुमारे ४३२ किलो वजनाइतका भार पेलला. एवढं वजन साडेतीन किलोमीटर उंच रचलेल्या ठोकळ्यांचं होतं. कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी इतकी उंची होत नाही.

ताजमहालात अडचण वेगळीच आली. जवळजवळ सगळं पांढरं. ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलेड या मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये मांडलं होतं, की वेगळा रंग ढिगातून आपोआप डोळ्यांत भरतो, पण गुणांची जोडी (समजा, रंग आणि आकार दोन्ही) जुळवून शोधायची असेल तर नजर एकेका वस्तूवर थांबत जाते. सारखे दिसणारे आकार धुंडाळतानाही माझी नजर तशीच अडखळते. तेव्हापासून मी आकारानुसार डबे लावतो. एका डब्यात रंग मिसळलेले असले तरी चालतात, हवा तो रंग डोळा स्वतःच उचलतो. संध्याकाळचा निम्मा वेळ वाचला.

बांधून झालं की ताजमहाल पश्चिमेच्या खिडकीपासून दूर जाईल. उन्हातल्या अतिनील किरणांनी एबीएसमधला ब्युटाडाइनचा, म्हणजे रबरासारखा, भाग ऑक्सिडाइज होतो आणि पांढरा रंग पिवळा पडतो.

आता चार मिनार राहिलेत, चारही सारखे. कळस चढवण्याआधी चौघांना टेबलावर चौकोनात उभं करून वर काचेची पट्टी ठेवणार आहे. एकही मिनार कमी-जास्त भरला तर काच डुगडुगेल. मुलीने तिच्या कंपासपेटीतली पातळ कागदाची पट्टी आत्ताच काढून ठेवली आहे, फट किती ते बघायला.