ड्रायव्हर नाही, की दुसऱ्यानेच बोर्ड पळवला?

उद्यमनगरातल्या फौंड्रीत भट्टीचं तापमान टिपणारा स्वस्तातला बोर्ड असो, नाहीतर इंजिनिअरिंगच्या पोरांचा प्रोजेक्ट. उबंटू लिनक्सच्या लॅपटॉपला जोडला आणि पोर्ट दिसला नाही, की सगळ्यांचं निदान एकच: 'ड्रायव्हर नाही', म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्रामच नाही. कधी ते खरं असतं. कधी मात्र ड्रायव्हर हजर असतो, आणि भलताच कुणी येऊन त्याच्या हातातून बोर्ड काढून घेतो.

यूएसबी उपकरण आपली ओळख दोन आकड्यांनी सांगतं: एक कंपनीचा, एक उत्पादनाचा. असे बोर्ड यूएसबीला जोडून देणाऱ्या सीएच३४० चिपचे आकडे १ए८६:७५२३. ते चिपचे, बोर्डाचे नव्हेत. म्हणून ती चिप घालून जे काही बनेल ते बहुतेक याच नावाने हजर होतं. करवीर तालुक्यात 'ओ पाटील' अशी हाक मारावी, तशातली गत. एक ब्रेल उपकरणही याच आकड्यांवर येतं. त्यामुळे उबंटू २२.०४ मध्ये ब्रेल डिस्प्ले (अंधांनी बोटांनी वाचायचा पडदा) सांभाळणारा बीआरएलटीटीवाय (brltty) हा प्रोग्राम साध्या बोर्डालाही आपलाच समजून ताबा घ्यायचा.

फरक कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, नोंदीत दिसतो. टर्मिनलमध्ये 'सुडो डीमेसेज -डब्ल्यू' (sudo dmesg -w) चालू ठेवा आणि बोर्ड जोडा. ड्रायव्हर खरंच नसेल तर आकडे छापले जातात, पुढे काही नाही. बोर्डाचा पोर्ट, टीटीवाययूएसबी० (ttyUSB0), तयारच होत नाही. ओळखीचा घोळ असेल तर तो तयार होतो आणि लगेच 'डिसकनेक्टेड' होतो. मधल्या ओळीत बीआरएलटीटीवायचं नाव असतं. ते दिसल्यावर केबल बदलत बसू नका. (आकडेच आले नाहीत तर मात्र आधी केबलच बदला, नुसत्या चार्जिंगच्या केबली ढिगाने मिळतात.)

पहिल्या प्रकारची तक्रार कर्नलच्या ड्रायव्हरवाल्यांकडे. बऱ्याचदा त्यांच्या ओळखीच्या आकड्यांच्या यादीत एक ओळ वाढवली की भागतं. दुसऱ्यात कर्नलची चूक नाही, तक्रार बीआरएलटीटीवायच्या पॅकेजवर करायची: 'उबंटू-बग बीआरएलटीटीवाय' (ubuntu-bug brltty) ही कमांड देऊन. पॅकेजच उडवा, असा सल्ला सर्रास मिळतो. स्वतःच्या लॅपटॉपवर खुशाल उडवा. कॉलेजच्या लॅबमध्ये नको, तिथे एखाद्या अंध विद्यार्थ्याचं काम त्यावरच चालू शकतं.

तक्रारीत दोन्ही आकडे, उपकरण स्वतःचं जे नाव सांगतं ते, पॅकेजची आवृत्ती आणि जोडल्यापासून तुटेपर्यंतच्या सगळ्या ओळी द्या. शीर्षक 'पोर्ट चालत नाही' असं नको; '१ए८६:७५२३ वर सीएच३४१ आणि बीआरएलटीटीवाय दोघांचा दावा' असं लिहा (सीएच३४१ हे या चिपच्या कर्नलमधल्या ड्रायव्हरचं नाव).