खरखर सुईची की संगीतातली? ‘एंडट्रोड्यूसिंग’ पुन्हा ऐकणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

डीजे शॅडो यांचा ‘एंडट्रोड्यूसिंग’ हा १९९६ चा अल्बम पूर्वी सीडीवर ऐकलेले आणि आता तो रेकॉर्डवर पुन्हा ऐकू लागलेले आमचे ग्राहक बहुधा एकच तक्रार घेऊन सांगलीच्या दुकानात येतात : रेकॉर्ड नवी आहे तरी खरखरते, सुई बदलून द्या. नवी सुई स्वस्त नसते. म्हणून ती घेण्याआधी हे पत्रक वाचावे, अशी विनंती आहे, कारण या अल्बममधली बरीचशी खरखर यंत्राची नसून संगीताचाच भाग आहे.

डीजे शॅडो म्हणजे कॅलिफोर्नियातील जॉश डेव्हिस. इतरांच्या रेकॉर्ड वाजवणारा हा डीजे स्वतः संगीत रचू लागला, तेव्हा त्याने वादक बोलावले नाहीत. सॅक्रामेंटोतील एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानाच्या तळघरात धूळ खात पडलेले ढीग त्याने उपसले. एका रेकॉर्डमधून ड्रमचा ठेका, दुसरीतून पियानोची ओळ, तिसरीतून कोणाच्या बोलण्याचा तुकडा उचलला, आणि हे सारे आकाई कंपनीच्या एमपीसी-६० या सॅम्पलरमध्ये (उचललेले आवाजाचे तुकडे, म्हणजे ‘सॅम्पल’, साठवून वाजवणारे यंत्र) साठवून त्याच्या १६ पॅडवर बोटांनी वाजवत नवी रचना उभी केली. ‘मिडनाइट इन अ परफेक्ट वर्ल्ड’मधला उदास पियानो डेव्हिड ॲक्सेलरॉड यांच्या १९६९ च्या रेकॉर्डवरून घेतलेला आहे. संपूर्णपणे सॅम्पलमधून घडवलेला पहिला अल्बम अशी गिनेस बुकात याची नोंद आहे. एमपीसी-६० आवाज १२ बिटमध्ये, म्हणजे काहीसे कमी बारकावे टिपून, साठवत असे, त्यामुळे ठेक्याला थोडा खडबडीत, दाट पोत येतो. आमच्या मते या अल्बमचे धुकट, रात्रीचे वातावरण सुरांइतकेच या पोतातून तयार झाले आहे.

जुन्या रेकॉर्डवरून तुकडा उचलला की तिच्यावरची टिकटिकही सोबत येते. मिरजेत तानपुऱ्याची जवारी लावताना तारेखाली सुताचा दोरा सरकवून जी झणझण मुद्दाम खुलवली जाते, तिला कोणी दोष म्हणत नाही. या खरखरीकडेही त्याच कानाने पाहावे. आवाज ‘स्वच्छ’ करणारे फिल्टर लावून किंवा ट्रेबल पार खाली आणून हा अल्बम ऐकू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. तसे केल्यास खरखरीबरोबर झांजेची धार आणि खोलीचा भासही निघून जातो.

मग आपल्या यंत्राचा दोष ओळखायचा कसा? रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. रेकॉर्डवर आडवा ओरखडा असेल, तर गाण्याची लय कोणतीही असो, टिक बरोबर १.८ सेकंदांनी येत राहते. सॅम्पलमधली टिक मात्र ठेक्याच्या आवर्तनाबरोबर फिरते, आणि तो तुकडा थांबला की तीही थांबते. सर्वांत खात्रीची जागा म्हणजे रेकॉर्डची बाजू सुरू होण्यापूर्वीची कोरी खाच. सुई तिथेच खरखरत असेल, तर ती धूळ किंवा स्थिर वीज समजावी. शंका राहिल्यास तोच भाग मोबाइलवर ऐकावा. तिथेही त्याच जागी खरखर आली, तर सुईवर ठपका ठेवू नये.

धूळ आढळल्यास कार्बन फायबरचा कोरडा ब्रश फिरत्या रेकॉर्डवर खाचेच्या दिशेने धरावा. ओला फडका किंवा शर्टाची बाही वापरू नये. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत स्थिर वीज वाढते, त्यामुळे मार्चपासून ही काळजी अधिक घ्यावी. आवाज फाटत असेल, विशेषतः ‘स’ आणि ‘श’ चिरकत असतील, तर सुईचा दाब तपासणे आवश्यक आहे. दाब कमी ठेवला की रेकॉर्ड वाचते, हा समज चुकीचा आहे : हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, उसळते आणि खाच बिघडवते. कार्ट्रिजच्या (सुई ज्यात बसवलेली असते त्या भागाच्या) उत्पादकाने सांगितलेला दाबच ठेवावा.

एवढे करूनही समाधान न झाल्यास यंत्र आणि रेकॉर्ड दोन्ही सोबत आणावीत. दाब काट्यावर मोजून, सुईचे टोक भिंगाखाली पाहून आणि तोच भाग आमच्या यंत्रावर तुमच्यासमोर वाजवूनच आम्ही सुई बदलायची की नाही ते सांगतो. या तपासणीचे पैसे घेतले जात नाहीत.