एरर कोडचा पहिला अंक: एफटीपीपासून एपीआयपर्यंत

डेटा पाठवताना मध्येच एरर आली की समोरच्या प्रोग्रामला आधी एवढंच कळायला हवं असतं, की तोच डेटा पुन्हा पाठवायचा की थांबायचं. आजच्या एपीआयमध्ये, म्हणजे प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीत, एररसोबत येणारा नुसता तीन अंकी कोड बघून हे ठरवता येत नाही. पूर्वी मात्र येत असे.

जून १९७४ मध्ये आरएफसी ६४० निघालं (आरएफसी म्हणजे नेटवर्कचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) आणि त्यात एफटीपीच्या, म्हणजे फाइल पाठवायच्या पद्धतीच्या, तीन अंकी उत्तरांची नव्याने मांडणी झाली. पहिला अंक ४ असेल तर अडचण तात्पुरती, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. ५ असेल तर तीच विनंती पुन्हा तशीच पाठवू नका. ४५० म्हणजे फाइल सध्या दुसरं कुणी वापरतंय, ५५० म्हणजे फाइलच नाही किंवा परवानगी नाही. १९८२ च्या एसएमटीपी या ईमेल पाठवायच्या मानकातही हीच पद्धत होती. म्हणूनच आजही ४ ने सुरू होणारं उत्तर मिळालं की मेल सर्व्हर पत्र रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करतो आणि ५ आला की ते पाठवणाऱ्याकडे परत करतो. मला ही मांडणी आजही सर्वांत शहाणी वाटते.

१९९१ च्या पहिल्या एचटीटीपीत, म्हणजे वेबची पानं मागवायच्या पद्धतीत, कोडच नव्हते. चूक झाली तर माणसाने वाचायचा मजकूर यायचा, प्रोग्रामला तो नेहमीच्या पानापेक्षा वेगळा ओळखता येत नसे. पुढे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या सर्न या संशोधन संस्थेतल्या मसुद्यात तीन अंकी कोड आले, पण अर्थ बदलून. ४ म्हणजे चूक क्लायंटची (विनंती पाठवणाऱ्याची), ५ म्हणजे सर्व्हरची (उत्तर देणाऱ्याची). हा फरक नेहमी करता येत नाही, तो केवळ माहितीपुरता आहे, असं त्याच मसुद्यात नमूद होतं. तरी १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्ये हीच विभागणी पक्की झाली. पुन्हा प्रयत्न करायचा का, हा प्रश्न तिथेच मागे पडला.

त्याची भरपाई अजून चालू आहे. ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) तात्पुरता, तर ४२९ (फार विनंत्या आल्या) सुद्धा तात्पुरताच, पण पहिले अंक वेगळे. किती वेळ थांबायचं ते सांगायला रिट्राय-आफ्टर हे वेगळं हेडर, म्हणजे उत्तरासोबतची माहितीची ओळ, लागतं. सोप १.१ या प्रोग्रामांमधल्या संदेशांच्या पद्धतीने तर २००० मध्ये विनंतीतल्या चुकीलाही ५०० (सर्व्हरची चूक) च पाठवायला लावलं आणि खरं कारण आतल्या एक्सएमएल मजकुरात ठेवलं.

२०१६ च्या आरएफसी ७८०७ ने जेसन या डेटा लिहायच्या साच्यात एररचं वर्णन कसं द्यायचं ते ठरवलं. टाइप, टायटल, स्टेटस, डिटेल, इन्स्टन्स अशी पाच फील्ड. २०२३ मध्ये आरएफसी ९४५७ ने त्याची जागा घेतली. 'पुन्हा पाठवा' किंवा 'पाठवू नका' असं सांगणारं फील्ड या पाचांत नाही, ते ज्याच्या त्याच्या एपीआयने स्वतः जोडायचं.