काझीरंगाला पूर हवाच

दर जुलै-ऑगस्टमध्ये बातम्यांत तीच दृश्यं येतात. आसाममधलं काझीरंगा राष्ट्रीय उद्यान पाण्याखाली, मानेपर्यंत बुडालेला गेंडा, महामार्गावर भेदरून उभी असलेली हरणं. बघणाऱ्याला वाटतं, ब्रह्मपुत्रेला एकदाचा भक्कम बांध घालावा आणि या मुक्या जनावरांची सुटका करावी. तसं खरोखर केलं, तर काही दशकांत तिथे गेंड्याला खायला गवतच उरणार नाही.

उत्तरेला ब्रह्मपुत्रा, दक्षिणेला कार्बी आंगलाँगच्या टेकड्या आणि मधे नदीने टाकलेल्या गाळाचा सपाट पट्टा, असं हे उद्यान आहे. नदी एका बाजूचा काठ खाते आणि दुसरीकडे वाळू-गाळाची बेटं उभी करते. आसामीत त्यांना चापोरी म्हणतात. नव्या चापोरीवर आधी गवत उगवतं. काही वर्षं पाणी फिरकलं नाही की त्यात झाडं शिरतात. त्यात पुढे असते ती आपल्या ओळखीची काटेसावर. झाडं वाढली, सावली पडली की गवत मागे हटतं आणि कुरणाचं रान होतं. रान वाईट नाही, पण गेंडा, रानरेडा, बारशिंगा ही सगळी गवतावर जगणारी मंडळी. आपल्या तणमोराचा नातलग असलेला बंगाल फ्लोरिकन हा पक्षी तर गवताळ जागा सोडून कुठे राहतच नाही.

झाडांची ही आगेकूच दोन गोष्टी अडवतात. एक पूर. तो बरीच रोपटी गाळाखाली गाडतो, बरीच आठवडाभर साचलेल्या पाण्यात गुदमरवतो, आणि काठ कापताना उभी झाडंही घेऊन जातो. दुसरी आग. हिवाळा सरता सरता हत्ती लपेल एवढं उंच गवत वाळून कडक होतं, ते कोणाच्याच दाताला लागत नाही. मग वनखातं ते टप्प्याटप्प्याने जाळतं. काळ्या राखेतून लवकरच लुसलुशीत कोंब वर येतात आणि हरणांचे कळप तिथे गोळा होतात. आग माणसाने लावलेली, पूर नदीचा. गवताच्या दृष्टीने दोघांचं काम एकच.

बिलांची, म्हणजे उद्यानातल्या उथळ तळ्यांची गोष्ट आणखी सरळ आहे. पुराचं पाणी चढलं की नदीतले मासे बिलांत येऊन अंडी घालतात आणि पिल्लं तिथेच वाढतात. त्यांच्यावर पाणमांजरं, मत्स्यगरुड, झोळीवाले पेलिकन जगतात. ओसरणारं पाणी वर्षभर माजलेली जलपर्णी ओढून नेतं. पूर कमी पडला की तीच जलपर्णी बील झाकून टाकते.

निसर्गाला एक ठरलेली अंतिम अवस्था असते आणि वादळ, वणवा, पूर म्हणजे त्या वाटेतला अपघात, असं परिसंस्थाशास्त्रात बराच काळ मानलं जाई. १९७८ मध्ये परिसंस्थाशास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांनी उलट बाजू मांडली: उलथापालथ अगदीच झाली नाही तर दोन-चार दांडग्या जाती सगळं बळकावतात, फार झाली तर कोणीच टिकत नाही, मधल्या प्रमाणात सर्वाधिक जाती नांदतात. हा नियम सगळीकडे लागू होत नाही हे पुढच्या अभ्यासांत दिसलं. मला काझीरंगासाठी जास्त नेमकी वाटते ती १९८९ मधली मांडणी. अॅमेझॉन नदीवर संशोधन करणारे वोल्फगांग युंक आणि त्यांचे सहकारी म्हणाले की सपाट काठ असलेल्या मोठ्या नद्यांमध्ये दरवर्षीचा पूर हाच नियम असतो, तिथलं सगळं जीवन त्याच्या तालावर बेतलेलं असतं. तिथे खरी आपत्ती म्हणजे पूर न येणं.

मग प्राणी का मरतात? काही जण पूर्वीही मरत असणार. मोठा पूर दयामाया दाखवत नाही. पण बहुतेकांकडे एक उपाय होता: पाणी वाढलं की दक्षिणेच्या टेकड्यांवर चढायचं. आज त्या वाटेत राष्ट्रीय महामार्ग आहे, चहाचे मळे आहेत, हॉटेलं आहेत. २०१७ च्या पुरात तीनशेहून अधिक प्राणी गेले. काही बुडून, काही गाड्यांखाली. म्हणून पुराच्या दिवसांत या रस्त्यावर ‘टाइम कार्ड’ देतात. एका नाक्यावर वेळ लिहिलेलं कार्ड घ्यायचं, पुढच्या नाक्यावर दाखवायचं. ठरलेल्या वेळेआधी पोचलात तर वेग जास्त होता हे उघड, आणि दंड. उद्यानात मातीचे उंचवटेही बांधले आहेत, प्राणी त्यांवर आसरा घेतात. ते हवेतच, पण दाटीवाटीने उभ्या हजारो हरणांना तिथे चारा किती दिवस पुरणार? टेकडीकडची वाट मोकळी करणं हाच पक्का उपाय. त्यासाठी सुमारे ३४ किलोमीटरचा रस्ता खांबांवर उचलायच्या योजनेला केंद्र सरकारने २०२५ मध्ये मंजुरी दिली. तो पूर्ण होऊन वाहता होईपर्यंत हरणांची भिस्त टाइम कार्डावरच.