कोंदण वेगळं, कदंब वेगळा

लशीतल्या ‘स्कॅफोल्ड’ला, म्हणजे अँटिजेन (प्रतिकारशक्तीला ओळखायला द्यायचा विषाणूचा भाग) धरून ठेवणाऱ्या प्रथिनाला, कुणी ‘परांची’ म्हटलं की डोकं उठतं. परांची इमारत झाली की सोडवून नेतात. हे प्रथिन मात्र अँटिजेनसोबत शरीरात जातं, आणि शरीर त्याच्याविरुद्धही प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवतं. वर दोन वेगळ्या गोष्टींना हा एकच शब्द.

पहिली गोष्ट नॅनोपार्टिकल. कदंबाच्या फुलासारखा प्रथिनाचा गोळा, अंगभर अँटिजेन. दक्षिण कोरियाने २०२२ मध्ये मंजूर केलेली कोव्हिडची लस स्कायकोव्हिवन घ्या: संगणकावर रचलेल्या गोळ्यावर आरबीडीच्या (कोरोना विषाणूचा पेशीला चिकटणारा भाग) ६० प्रती. किती प्रती एकदम दाखवायच्या, एवढंच गोळा ठरवतो.

घोळ होतो तो दुसऱ्या गोष्टीपाशी, एपिटोप-स्कॅफोल्डपाशी. हे कोंदण. प्रतिपिंड जिथे चिकटतं तेवढाच विषाणूचा तुकडा (एपिटोप) उचलायचा आणि भलत्याच प्रथिनात असा जडवायचा की त्याचा मूळ आकार टिकेल. सुटा टोचला तर तो दोऱ्यासारखा लोळतो. आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूवर मोटाविझुमॅब हे प्रतिपिंड जिथे बसतं तो तुकडा तीन हेलिक्सच्या (मळसूत्री वळणांच्या) नव्या प्रथिनात जडवला, तेव्हा माकडांमध्ये विषाणू निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं मिळाली. हे २०१४ मधलं काम.

एचआयव्हीला अडवणाऱ्या २एफ५ या प्रतिपिंडासाठी हेच केलं तेव्हा आकार जुळला, तो आकार ओळखणारी प्रतिपिंडंही आली, पण विषाणू अडला नाही. एक मोठं कारण असं की खरा तुकडा विषाणूच्या स्निग्ध पटलाला खेटून असतो आणि २एफ५ त्या पटलाचाही आधार घेतं. कोंदणात पटल कुठून येणार? इथे हमखास कुणीतरी सुचवतं, “मग ६० प्रती लावा की!” अहो, खडाच चुकीचा बसलाय, दागिने वाढवून काय होणार?

ईओडी-जीटी८ ६०-मर (म्हणजे ६० प्रतींची) या एचआयव्ही लशीत दोन्ही कामं एकत्र असल्याने गोंधळ पक्का होतो. गोळा ॲक्विफेक्स एओलिकस या जिवाणूच्या ल्युमाझिन सिंथेसचा, वर जीपी१२० या एचआयव्हीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचा छाटून घडवलेला भाग. (काटेकोरपणे हे कोंदणही नव्हे, विषाणूचंच प्रथिन तासलेलं आहे.) चाचणीत लस घेतलेल्या ३६ पैकी ३५ जणांमध्ये व्हीआरसी०१ (एचआयव्हीचे अनेक प्रकार रोखणारं प्रतिपिंड) वर्गाच्या पूर्वज बी-पेशी, म्हणजे पुढे तसं प्रतिपिंड बनवू शकतील अशा पेशी, जाग्या झाल्या. श्रेय नुसत्या ६०ला देऊ नका. मूळ जीपी१२० त्या पूर्वज पेशींच्या पकडीत जवळपास येतच नाही, म्हणून तर ही तासकाम केलेली आवृत्ती. आणि पूर्वज पेशी म्हणजे तयार प्रतिपिंड नव्हे. व्यापक प्रतिपिंडांपर्यंत त्यांना न्यायला पुढचे डोस वेगळ्या घडणीचे लागतात.