'गॅस संपलाय' हे उत्तर आलं कुठून? फ्रिजच्या दुरुस्तीमागची जुनी गोष्ट

मागच्या मे महिन्यात आमच्या डबल डोअर फ्रिजचा खालचा भाग गार होईना. वर फ्रीझरमध्ये आइस्क्रीम दगडासारखं आणि खाली दूध मात्र संध्याकाळपर्यंत नासतंय. मेकॅनिक आला, दार उघडलं, आत हात घातला आणि दोन मिनिटांत निकाल, गॅस संपलाय, अडीच हजार होतील. आई लगेच हो म्हणाली. तिच्या डोक्यात ते फिट बसतं ना, गॅस ही संपायचीच गोष्ट आहे, सिलिंडर दीड महिन्यात संपतो तसा फ्रिजचा सात-आठ वर्षांनी संपला असेल. पण गॅस संपला असेल तर वरचं आइस्क्रीम दगड कसं राहिलं हे काही मला पटेना, म्हणून त्याला व्हिजिट चार्ज देऊन परत पाठवलं.

आधी एक सांगून टाकतो, फ्रिजमधला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही की खर्च होत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, मग तो कंडेन्सरच्या नळ्यांमध्ये उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, मग केसासारख्या बारीक भोकाच्या कॅपिलरीतून फ्रीझरच्या कॉइलमध्ये येतो, तिथे उकळताना आतली उष्णता ओढून घेतो आणि परत कॉम्प्रेसरकडे. तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झालाय म्हणजे कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता नुसता भरला तर तो परत जाणारच. हे बहुतेक मेकॅनिकना माहीत असतं. मग तरी पहिलं उत्तर गॅसच का? त्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घरगुती फ्रिज विकायला लागले तेव्हा 'गॅस भरणं' हे खरोखरच नेहमीचं काम होतं. मोटर वेगळी, कॉम्प्रेसर वेगळा, मध्ये पट्टा, आणि कॉम्प्रेसरचा दांडा जिथून बाहेर यायचा तिथल्या सीलमधून गॅस थोडा थोडा निसटायचाच. गॅस पण कसले, तर सल्फर डायऑक्साइड नाहीतर मिथाइल क्लोराइड. सल्फर डायऑक्साइड गळला की नाक-डोळे जळायला लागायचे, म्हणजे लीक झालाय हे सगळ्या घराला कळायचं. लीकची नेमकी जागा शोधायला मेकॅनिक अमोनियात भिजवलेली चिंधी जॉइंटवरून फिरवायचा, गळती असेल तिथे पांढरा धूर दिसायचा. मिथाइल क्लोराइडला मात्र जेमतेम वास, आणि १९२९ च्या सुमाराला शिकागोत त्याच्या गळतीने माणसं मेली, तेव्हा फ्रिज घरात ठेवावा की मागच्या ओसरीत इथपर्यंत चर्चा गेली होती.

त्याच काळात दोन गोष्टी झाल्या. १९२७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने डोक्यावर गोल टोपलं असलेला 'मॉनिटर टॉप' फ्रिज आणला, त्यात मोटर आणि कॉम्प्रेसर दोन्ही एकाच डब्यात हवाबंद. दांडा बाहेर नाही, सील नाही, म्हणजे गॅस परत परत भरायचं कारणच संपलं. दुसरी गोष्ट म्हणजे १९२८ मध्ये थॉमस मिजली या अमेरिकन संशोधकाच्या टीमने शोधलेला सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) गॅस, जो पुढे फ्रिऑन म्हणून विकला गेला. १९३० मध्ये त्याने लोकांसमोर हा गॅस छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली, म्हणजे विषारीही नाही आणि पेटतही नाही.

माझ्या मते 'गॅस संपलाय'ची खरी सुरुवात इथे आहे. आधीचा गॅस गळला की बोंब मारायचा, हा गुपचूप जायचा. वास नाही, धूर नाही, लक्षण एकच, कूलिंग होत नाही. मग उलटा हिशोब रूढ झाला, कूलिंग नाही म्हणजे गॅस गेला. लीक शोधायला हॅलाइड टॉर्च आला, त्याच्या ज्योतीजवळ फ्रिऑन आला की ज्योत हिरवी व्हायची, पण आपल्याकडे जास्त चालला तो साबणाचा फेस.

आपल्याकडे फ्रिज बनायला लागले ते १९५८ मध्ये, गोदरेजने जनरल इलेक्ट्रिकच्या सहकार्याने सुरू केलं. मग केल्व्हिनेटर, ऑल्विन, व्होल्टास. नव्वदीपर्यंत मध्यमवर्गीय घरात फ्रिज म्हणजे १६५ लिटरचा सिंगल डोअर, तो पण हप्त्यावर, आणि बऱ्याच घरांत हॉलमध्ये, वर क्रोशाचं कव्हर आणि शेजारी स्टॅबिलायझर. आत आर-१२ गॅस (म्हणजे तोच सीएफसी, फ्रिऑन), अंदाजे शंभर-सव्वाशे ग्रॅम, आणि फ्रीझर म्हणजे अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा उघडा डबा, त्या पत्र्याच्याच पोटात गॅसच्या वाटा.

तर हा डबा आणि मराठी घरातली सुरी यांचं जुनं वैर आहे. बर्फ बोटभर साचायचा, डिफ्रॉस्टचं बटण दाबून दोन तास थांबायला कुणाला वेळ नाही, आणि बर्फाच्या ट्रेला चिकटलेली दुधाची पिशवी तर आत्ताच हवी असते. आमच्याकडे १९९३ मध्ये आईने सुरीच्या टोकाने बर्फ उकरला, फुस्स असा आवाज आला आणि ती दोन पावलं मागे सरकली. गॅस खरंच गेला. तेव्हाचे मेकॅनिक काका आले, भोकावर अॅल्युमिनियमचा जॉइंट मारला, आतली हवा ओढून व्हॅक्यूम काढला, गॅस भरला. असे फ्रिज त्यांनी शेकड्यांनी केले असणार. म्हणजे त्या काळात 'गॅस गेलाय' हे निदान पुष्कळदा बरोबरच असायचं हे मान्य करायला हवं.

पण हे काका नुसतं गॅस गेला म्हणायचे नाहीत, आधी बघायचे. त्यांची पद्धत मी लहानपणी शेजारी उभा राहून पाहिलीये. आधी फ्रिज पुढे ओढून मागच्या काळ्या जाळीवर, म्हणजे कंडेन्सरवर, तळहात. वरून खालपर्यंत छान गरम असेल तर गॅस फिरतोय. कोमट पण नसेल आणि कॉम्प्रेसर नुसता घरघरतोय तर गॅस गेला किंवा कॉम्प्रेसरची पंपिंग गेली. मग कॅपिलरीच्या आधी असलेल्या खालच्या फिल्टरला हात, तो गार लागला किंवा त्याला घाम आला असेल तर तिथेच चोक, म्हणजे वाट बुजलेली. मग फ्रीझरचा डबा, बर्फ सगळीकडे सारखा धरतोय की फक्त नळी जिथून आत येते त्या कोपऱ्यात? कोपऱ्यातच असेल तर गॅस कमी आहे. उलट परत येणाऱ्या सक्शन पाइपवर बाहेरपर्यंत बर्फ असेल तर आधीच्या माणसाने जास्त भरलाय. कॉम्प्रेसर चालूच होत नसेल, दर दोन-तीन मिनिटांनी नुसतं टक करून बंद पडत असेल तर गॅसचा काही संबंध नाही, कॉम्प्रेसर सुरू करणारा रिले, जास्त तापला की तो बंद करणारा ओव्हरलोड नाहीतर घरातलं व्होल्टेज. लोडशेडिंगच्या वर्षांत लाइट आल्या आल्या लो व्होल्टेजमध्ये किती कॉम्प्रेसर जळाले असतील त्याचा हिशोबच नको.

आर-१२ तसा दिलदार गॅस होता. दहा ग्रॅम इकडे तिकडे झाले तरी फ्रिज चालायचा, वजनकाटा लागायचा नाही, दाब मोजायच्या गेजवर आठ-दहा पीएसआय (दाबाचं एकक) दिसलं, सक्शन पाइप हाताला गार लागला की झालं काम. जास्त झाला तर थोडा हवेत सोडून द्यायचा. व्हॅक्यूम पंप नसेल तर फ्रिजच्याच कॉम्प्रेसरने हवा ओढायची. उस्ताद करतो तसं पोरगं करतं, आणि एवढं जमलं की पोरगं सुटं काम घ्यायला लागायचं.

इकडे हवेत सोडलेला तो गॅस मात्र वर जात होता. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी सीएफसी ओझोन खातो हे मांडलं, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र जाहीर झालं, १९८७ मध्ये असे गॅस टप्प्याटप्प्याने बंद करायचा मॉन्ट्रियल करार. भारत त्यात १९९२ ला आला, २००३ पासून नव्या फ्रिजमध्ये सीएफसी बंद झाला आणि २००८ मध्ये आपल्या कारखान्यांनी सीएफसी बनवणं जवळपास थांबवलं. मेकॅनिकांना नव्या गॅसचं शिक्षण द्यायला सरकारी प्रशिक्षणं पण झाली, पण गल्लीतल्या प्रत्येक माणसापर्यंत ती कशी पोचणार.

पहिला बदली गॅस आर-१३४ए. त्याच्याबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बदललं, आणि हे नवं तेल हवेतला ओलावा स्पंजसारखं ओढून घेतं. आता कॉम्प्रेसरने व्हॅक्यूम काढायची जुनी सवय इथे नडली. आत राहिलेला ओलावा कॅपिलरीच्या तोंडाशी येऊन गोठतो, गॅसची वाट बंद, फ्रिज गार होत नाही. रात्री लाइट गेली, बर्फ वितळला, सकाळी फ्रिज परत मस्त चालू, दुपारी परत बंद. याला मेकॅनिक लोक मॉइश्चर चोक म्हणतात. यात गॅस पुरेपूर असतो, तरी कितीतरी वेळा 'गॅस कमी आहे' म्हणून त्यात अजून भरला गेलाय. जुन्या आर-१२ च्या फ्रिजमध्ये तेल न बदलता १३४ए भरण्याचे उद्योगही झाले, मग तेल नीट परत येईना आणि कॅपिलरी कायमची चोक.

मग आला आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन. १९९३ मध्ये जर्मनीत ग्रीनपीसच्या पुढाकाराने 'ग्रीनफ्रीझ' फ्रिज निघाले, आपल्याकडे गोदरेजने २००० च्या सुरुवातीच्या वर्षांत या प्रकारच्या गॅसवर उडी घेतली आणि आज दुकानातल्या बहुतेक घरगुती फ्रिजच्या मागच्या प्लेटवर हेच नाव दिसतं. गंमत बघा, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेन असतं, म्हणजे आईचा सिलिंडर आणि आईचा फ्रिज आता खरोखरच चुलत भाऊ झालेत. (म्हणून सिलिंडरमधला गॅस फ्रिजमध्ये भरायचा नसतो. दाब वेगळा, त्यात वासाचं रसायन वेगळं, आणि तो भरणारा माणूस घराबाहेर घालवावा.)

या गॅसने मात्र जुना अंदाजच मोडला. लागतो जेमतेम पन्नास ग्रॅमच्या आसपास, आणि चालू फ्रिजमध्ये सक्शनचा दाब बऱ्याचदा बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असतो. म्हणजे गेजवर काटा शून्याच्या खाली दिसतो, आणि जुन्या सवयीचा माणूस तो आठ-दहावर आणायला जातो. मग गॅस जास्त होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. शिवाय त्या बाजूला लीक असेल तर गॅस बाहेर जाण्याऐवजी हवाच आत ओढली जाते, मग साबणाचा फेस लावून बुडबुडा कसा दिसणार? काम नीट करायचं तर ग्रॅम दाखवणारा काटा हवा, खरा व्हॅक्यूम पंप हवा, आणि गॅस पेटतो म्हणून आत गॅस असताना नळ्या जोडायची (ब्रेझिंगची) ज्योत लावायची नाही.

आणि याच वर्षांत फ्रिजने आपल्या खुणा एकेक करून लपवल्या. मागची काळी जाळी गेली, कंडेन्सर बाजूच्या पत्र्याच्या आत गेला (बाजू गरम लागतात म्हणून घाबरून फोन करणारे लोक याच बदलाचे). साचलेला बर्फ आपोआप वितळवणारा फ्रॉस्ट फ्री फ्रिज आला तशी कॉइल फ्रीझरच्या मागच्या प्लॅस्टिक पॅनेलच्या पलीकडे गेली, म्हणजे बर्फ अर्धा आहे की पूर्ण हे बघायलाच मिळत नाही. गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आला, तो इतका हळू चालतो की कान लावून काही कळत नाही, आणि त्याला पूर्वीसारखी डायरेक्ट सप्लाय देऊन तपासताही येत नाही, त्याला त्याचा इलेक्ट्रॉनिक बोर्डच लागतो. ज्या हाताने आणि कानाने काका निदान करायचे त्या हाताला-कानाला काही लागेनासं झालं, आणि उरलं काय तर ते एक वाक्य.

आमच्या फ्रिजचं झालं होतं ते असं. फ्रॉस्ट फ्रीमध्ये गारवा फक्त वरच्या कॉइलवर तयार होतो आणि पंखा तो डक्टमधून खाली ढकलतो. कॉइलवर साचणारा बर्फ दर काही तासांनी वितळवायला टायमर, हीटर, बायमेटल (तापमानाप्रमाणे हीटर चालू-बंद करणारा स्विच) आणि सेफ्टीसाठी एक थर्मल फ्यूज अशी साखळी असते. त्यातला एक जण गेला की बर्फ वितळत नाही, वाढत वाढत कॉइल पूर्ण बुजते, पंख्याला हवा ओढता येत नाही, वर गार आणि खाली गरम. दुसरा मेकॅनिक आला तो तिशीतला, आयटीआय केलेला. त्याने पॅनेलचे स्क्रू काढले तर मागे पांढरी भिंतच, नळ्या दिसतच नव्हत्या, आणि बर्फ सगळीकडे सारखा. "एवढा बर्फ धरलाय म्हणजे गॅस एकदम ओके आहे," तो म्हणाला. हेअर ड्रायरने बर्फ काढला, मीटर लावला, फ्यूज ओपन, म्हणजे तुटलेला, दाखवत होता. नवा फ्यूज टाकला, हीटर तपासला, ट्रेचं पाणी जायचं भोक गरम पाण्याने मोकळं केलं. साडेसातशे रुपये, पाऊण तास.

रात्रीपर्यंत खालचं दूध गार. आईने ग्लासाला हात लावून बघितला, समाधान झालं, आणि मग मला विचारलं, "पण गॅस भरला ना रे त्याने?"